खिडकीकडची बाजू

काडी खोलीकडे होती.

ऑपरेटर संध्याकाळचे फिरून आले, दाराआड चपला काढल्या आणि हातपाय धुवायच्या आधी स्वयंपाकघराच्या खिडकीशी रोपं बघायला गेले, तर काडी खोलीकडे. आइस्क्रीमची साधी चपटी काडी. ती त्यांनी आज सकाळीच ट्रेच्या एका कोपऱ्यात मुद्दाम खोचली होती, कारण टोमॅटोची रोपं रोज फिरवूनही एकाच अंगाला कलत चालली होती आणि त्यांना एकदा खात्री करून घ्यायची होती. काम काय, अगदी पोरखेळ. सकाळचा चहा झाला की कप विसळायचा, पालथा घालायचा आणि ट्रे अर्धा फिरवायचा, म्हणजे कालची उजेडातली बाजू आज सावलीत आणि सावलीतली उजेडात. आज त्यांनी ट्रे फिरवला तेव्हा काडी खिडकीच्या काचेला लागून टक् असा बारीक आवाज झाला होता, तो त्यांना आत्तासुद्धा ऐकू येत होता. आणि आता ती काडी त्यांच्या पोटाच्या दिशेने उभी. म्हणजे ट्रे फिरवलाच नव्हता. फिरवायचा असं मनात आलं असेल, हात पुढे गेला असेल, तेवढ्यात दारावर कोणीतरी वाजवलं असेल आणि मनाने आपलं परस्पर ठरवून टाकलं असेल की झालं काम. पण मग तो आवाज? त्यांनी मागे वळून बघितलं. सून आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी पटकन ट्रे फिरवला, काडी काचेकडे केली, आणि चोरी करून आल्यासारखे मोरीत जाऊन पायांवर पाणी ओतत उभे राहिले.

ऑपरेटर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि नोकरी संपली तरी नाव अंगाला चिकटून राहिलं. गल्लीत, दुकानात, नात्यागोत्यात, सगळीकडे ऑपरेटर. त्यांच्या पाठांतराची ख्याती होती. कुठला वॉर्ड, कुठला डॉक्टर, कुणाचं घर, कुणाचं दुसरं घर, सगळे नंबर तोंडपाठ. नवा साहेब आला की जुने लोक त्याला मुद्दाम बोर्डाशी आणत आणि म्हणत, विचारा याला काहीही. मग साहेब काहीतरी विचारत, ऑपरेटर मान वर न करता सांगत, आणि साहेब तोंडात बोट घालत. नंबर तर झालेच, पण आवाजही त्यांच्या डोक्यात राहत. तारेच्या पलीकडचा माणूस बोलतो काय यापेक्षा गिळतो काय, हे त्यांना आधी कळे. "सगळं ठीक आहे" हे शब्द माणसं किती तऱ्हांनी म्हणतात, यावर त्यांनी पोथी लिहिली असती. पुढे बोर्ड गेला, यंत्रातली एक गोड बाई आली, तिला नंबरही लक्षात ठेवावे लागत नव्हते आणि चहाही लागत नव्हता. ऑपरेटर घरी आले. डोकं मात्र भरलेलं घेऊन आले, आणि तीच त्यांची खरी शिल्लक होती. गुडघे कुरकुरत होते, दात परके होते, पण डोक्याला कोणी हात लावू शकणार नाही अशी त्यांची मिजास होती.

आता त्या मिजाशीला ही एवढीशी काडी नडली. सुनेने फिरवला असेल, असं त्यांच्या मनात आलंच नाही असं नाही, पण ते टिकलं नाही. घरात ट्रे आला त्याच दिवशी सून म्हणाली होती, बाबा, हे तुमचं खातं, मी बोटसुद्धा लावणार नाही, नाहीतर उद्या एखादं रोप मेलं की खापर माझ्या डोक्यावर. आणि ती शब्दाची पक्की. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवून दमून येई, आल्यावर ती कशाला रोपांच्या भानगडीत पडेल? मुलगा लिफ्ट दुरुस्त करत या इमारतीतून त्या इमारतीत हिंडे, त्याला घरात टोमॅटो आहेत की टांगलेले कपडे आहेत हेही ठाऊक नसे. बरं, सुनेला सरळ विचारावं, तर विचारणार काय? मी ट्रे फिरवला की नाही हे मला आठवत नाही, असं? म्हणजे झालंच. एका वाक्यात सगळं घर सावध व्हायचं. आधी गॅसजवळ जाऊ देणार नाहीत. मग किल्ली काढून घेतील, मग एकट्याने फिरायला जाणं बंद, आणि मग एक दिवस खोलीला बाहेरून कडी. ऑपरेटरांना मरणाची भीती फारशी वाटत नव्हती, इस्पितळात राहून ती सरावाने गेली होती. पण त्या कडीची वाटत होती, कारण ती कडी त्यांनी पाहिली होती.

ती दादाच्या खोलीला होती. दादा म्हणजे थोरला भाऊ, धंद्याने शिंपी आणि जिवाने भाजीवाला. दुकानामागे त्याला हातरुमालाएवढी जमीन होती आणि तिथे त्याचा वाफा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गळ्यातली टेप तशीच लोंबकळत ठेवून तो मातीत बसे. माती चाळायचा, बी टाकायचा, त्यावर बियाएवढीच माती भुरभुरायचा, आणि म्हणायचा, पांघरूण घालायचं, पुरायचं नाही. घरात कुंडीत रोपं केली तर ती उजेडाकडे माना लांबवतात, म्हणून रोज अर्धी फिरवायची, हेही त्याचंच. ऑपरेटर तेव्हा हसत. त्यांना वाटे, या माणसाला एक नंबर पाठ होत नाही आणि वाटाण्याच्या बीची मात्र सात पिढ्यांची कुंडली ठाऊक. मग एका वर्षी त्या वाफ्यात गंमत झाली. दादाने मिरची पेरली. पेरली हे विसरून त्याच वाफ्यात टोमॅटो पेरले. आणि तेही विसरून वरून मुळा. सगळं एकदमच उगवलं, एकमेकांच्या उरावर बसून, हिरवी सतरंजी नुसती, आणि त्यातलं एकही रोप धड उचलता येईना. घरदार हसलं. वहिनी हसली, ऑपरेटर तर इतके हसले की दुसऱ्या दिवशी बोर्डावर सगळ्यांना त्यांनी ती हकिगत रंगवून सांगितली. दादासुद्धा हसला. उलट तोच सगळ्यांत आधी हसला. आपल्याला न कळलेला विनोद चारचौघांत झाला की माणूस जसा घाईने हसतो, तसा. तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल तर वहिनीच्या, कारण तिथून पुढे ती त्याच्या मागेमागे राहायला लागली, त्याची बटणं लावायची, त्याची वाक्यं पुरी करायची, त्याने मीठ दोनदा घातलं तर स्वतः म्हणायची, माझाच हात जड पडला हो आज. आणि वर्ष-दीड वर्षाने ऑपरेटर भेटायला गेले तेव्हा दादा खुर्चीतून उठून उभा राहिला, अंगातला सदरा नीट केला आणि अदबीने म्हणाला, या, बसा, आपण कोण? सख्ख्या भावाने एवढ्या आदराने त्यांना जन्मात कधी वागवलं नव्हतं. त्यांनी आपलं नाव सांगितलं. वाहवा, दादा म्हणाला, माझ्या भावाचंही हेच नाव.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरांनी चहाचा कप विसळला, पालथा घातला, आणि ट्रे फिरवताना मोठ्याने स्वतःलाच सांगितलं, काडी खोलीकडे. संध्याकाळी आले, तर काडी खिडकीकडे. म्हणजे पुन्हा फिरवला नव्हता. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच सांगितलं, आणि पुन्हा उलटंच निघालं. त्यांनी तळहातावर पेनने खूण केली, तर हात धुताना खूण गेली आणि ती केली होती का याचाच संशय राहिला. रोपांची तर दशा बघवत नव्हती. देठ लांब आणि पांढुरके, मान एकीकडे मोडलेली, दोन पानांवरून चार पानांवर यायचं सोडून जागच्या जागी वाकत होती. ज्याने बी दिलं त्या कोपऱ्यावरच्या रोपवाल्याकडे ते गेले, आणि आपली नाही, शेजाऱ्याची गोष्ट म्हणून त्यांनी विचारलं. रोपवाला म्हणाला, तुमच्या शेजाऱ्याला सांगा, ट्रे फिरवत नाही आणि फिरवतो म्हणून थापा मारतो. ऑपरेटर कसनुसं हसले आणि परत निघाले. वाटेत त्यांनी स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. रक्तपेढीचा नंबर, बाळंतीण वॉर्डाचा, मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या माहेरचा, शवागाराच्या रखवालदाराच्या मेहुण्याचा. एकेक नंबर घंटी वाजवल्यासारखा हजर. क्षणभर त्यांची छाती फुगली, आणि लगेच बसली, कारण दादालाही जुनं सगळं असंच आठवायचं. शाळेतल्या मास्तरांच्या कोटाचं कापड आठवायचं, अस्तर आठवायचं. आत्ताचं फक्त आठवत नव्हतं. मग ऑपरेटर चालता चालता थांबले आणि काल रात्री जेवायला काय होतं ते आठवू लागले. आठवलं. पण हे कालचंच की परवाचं, हे सांगायला कोणी साक्षीदार नव्हता.

घरात मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. उलट जरा जास्तच आनंदी राहायला लागले. सुनेच्या चष्म्याच्या दुकानाची चौकशी करत, मुलाला लिफ्टवरून चिडवत, आणि बोलताना एखादा शब्द अडला तर खोकला काढत. खोकल्याचा हा उपयोग त्यांना पूर्वी माहीत नव्हता. एकदा तर मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हाला खोकला झालाय, डॉक्टरकडे जाऊ या, तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली. डॉक्टर म्हणजे प्रश्न आले. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा. दादाला विचारलं होतं तसं. दादाने डॉक्टरलाच विचारलं होतं, तुमच्या पँटची उंची कोणी घेतली, एका पायात अर्धा इंच कमी आहे. आणि खरंच कमी होती. पण त्याचे गुण काही कोणी दिले नाहीत.

शेवटी ऑपरेटरांनी ठरवलं की एक दिवस ट्रेवरून नजर काढायचीच नाही. फिरायला जातो म्हणून निघायचं नाही, कुठे जायचंच नाही. सकाळी ट्रे फिरवला, काडी खोलीकडे केली, आणि स्वयंपाकघराला लागून जी अडगळीची खोली होती तिथे जुन्या ट्रंकेवर जाऊन बसले. दार अर्धं लोटलेलं, फटीतून ओटा दिसत होता. मुलगा गेला, सून गेली, घर निवांत झालं. खिडकीतून ऊन आलं, रोपांवर बसलं, हळूहळू सरकलं. आयुष्यात त्यांनी एवढा वेळ कशाकडे पाहिलं नव्हतं. बोर्डावर असताना बघायचं काही नसे, सगळं ऐकायचंच. आता घराचा आवाज ऐकू येत होता, टाकीत पाणी भरल्याचा, वरच्या मजल्यावर कोणी पाट सरकवल्याचा, आणि मध्येच त्यांना वाटे की आपण एखादा फोन उचललाय आणि पलीकडे कोणीच बोलत नाहीये. दुपारी ते उठून जेवले, परत येऊन बसले. डुलकी लागू नये म्हणून नंबर म्हणत राहिले. ऊन गेलं. रोपं काचेकडे अशी वाकली होती की पलीकडे काही चाललंय आणि ती ऐकताहेत. काडी होती तिथेच होती. आपण ती फिरवली आहे, आणि ती तिथेच आहे, हे त्यांनी मनात घट्ट धरून ठेवलं.

मग दाराचं कुलूप वाजलं. सून आली. पिशवी टेकवली, चपला काढल्या, आणि "बाबा" अशी एक हाक मारली. उत्तर आलं नाही तेव्हा रोजच्यासारखे फिरायला गेले असतील असं समजून ती तडक खिडकीशी आली. रोपांकडे पाहून तिने डोक्याला हात लावला, जिभेने चुकचुक केलं, दोन्ही हातांनी ट्रे धरला आणि हळूच, अर्धा, नेमका अर्धा, फिरवला. सांडलेली माती ओढणीच्या टोकाने पुसून घेतली.

ऑपरेटरांचा जीव असा भांड्यात पडला की त्याचा आवाज व्हावा. ते दार ढकलून बाहेर आले आणि म्हणाले,

"तू फिरवतेस होय!"

सून केवढ्याने दचकली. मग ती सांगू लागली. रोज संध्याकाळी येऊन बघते तर रोपं आपली काचेकडे वाकलेली. तिला वाटलं, बाबा फिरवायचं विसरताहेत. बोलून दाखवलं तर त्यांना वाईट वाटेल, आणि हात लावणार नाही असा आपला शब्द, म्हणून ते फिरायला गेल्यावर गुपचूप. ऑपरेटर ओट्याला टेकून हसायला लागले. म्हणजे सकाळी मी फिरवतो आणि संध्याकाळी तू परत होतं तसं करून ठेवतेस, आणि दिवसभराचं ऊन रोज एकाच बाजूला! दोघांनी मिळून त्या गरीब रोपांच्या माना मोडल्या! आणि मग इतक्या दिवसांचं सगळं त्यांच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं, काडी, तळहातावरची खूण, खोट्या शेजाऱ्याची गोष्ट, दादाचा वाफा, ती कडी, सगळं. मी तर समजलो माझं डोकं चाललं, ते म्हणाले आणि डोळे पुसून पुन्हा हसले. सूनही हसत होती. हसता हसता तिने गॅसकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "छे हो बाबा, तुमचं डोकं अगदी ठीक आहे."

ऑपरेटर हसायचे थांबले. शब्द नेहमीचेच होते. पण त्या "ठीक"च्या आधी एक जागा होती, पापणी लवायला लागते एवढीच, आणि तिथे काहीतरी गिळलं गेलं होतं. ती जागा त्यांनी बोर्डावर हजार वेळा ऐकली होती, डॉक्टर जेव्हा नातेवाइकांशी बोलत तेव्हा. त्यांना वाटलं, आपण हे ऐकलंच नाही असं करावं. आता ट्रेचा उलगडा झालाय, चहा करावा, रोपवाल्याला गंमत सांगावी. एवढ्यावर थांबलं तर कोणाचं काय बिघडणार होतं? त्यांनी कप घ्यायला हात पुढे केलासुद्धा. पण हात तसाच राहिला.

"आणखी काय काय करतेस," त्यांनी विचारलं, "माझ्यामागून?"

ती नाही नाही म्हणत राहिली. मग ट्रेच्या कडेवरची माती नखाने खरवडत, त्यांच्याकडे न बघता, सांगायला लागली. गॅस दोनदा नुसता चालू राहिला होता, तिने येऊन बंद केला. किल्ली बाहेरून दारालाच लटकलेली असते, बऱ्याचदा. पावाची लादी आणलेली असताना ते परत आणतात, मग जास्तीची लादी ती दुकानात नेऊन बायकांना वाटते. सांगितलेली गोष्ट परत सांगतात, तेव्हा मुलाने काही बोलू नये म्हणून ती पहिल्यांदाच ऐकतेय असं हसते. ऑपरेटर ऐकत होते. गॅसचं त्यांना आठवत नव्हतं. पावाचं आठवत नव्हतं. किल्लीचं, ते मनात म्हणाले, कोणाचंही होतं.

"आणि?"

"आणि परवा तुम्ही मला वहिनी म्हणालात," ती म्हणाली. "जरा चहा ठेवता का वहिनी, असं."

"मग?"

"मी ठेवला चहा."

ऑपरेटरांनी ते आठवायचा प्रयत्न केला. मनातल्या मनात बोर्डावरचा एकेक खिट्टा काढून बघितला, लावून बघितला. तिथे काहीच नव्हतं. अंधुकही नाही, अर्धवटही नाही. परवाचा चहा त्यांना आठवत होता, गरम होता, साखर बेताची होती, आणि तो सुनेने दिला होता. हाच तो चहा असणार. त्यांना वाटलं होतं भीती वाटेल, तशी वाटलीही, आणि ते स्टुलावर बसले. पण त्या भीतीत एकटं असणं नव्हतं, ते आत्तापर्यंत होतं. समोर ही पोर उभी होती, ओढणीला माती लागलेली, दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवून आलेली, आणि किती दिवस यांच्या चुका आपल्या पदरात घेऊन चुपचाप निस्तरत होती कोण जाणे. त्यांना तिची विलक्षण दया आली, आणि मग राग आला, स्वतःचा नाही, तिचाही नाही, या झाकपाकीचाच.

"माझ्यामागून काही करू नकोस," ते म्हणाले. "माझ्यासमोर कर. चुकलो की तोंडावर सांग."

"लागेल तुम्हाला."

"लागू दे. अजून लागतंय तोवर सांग."

तिने मान हलवली. डोळे पुसायला हात वर केला तर मातीच गालाला लागली. त्यांनी विचारलं, त्याला ठाऊक आहे का. ती म्हणाली, नाही, तो घाबरेल, त्याचं तुम्हाला माहीतच आहे, लिफ्टमध्ये लोंबकळेल पण घरात कोणी शिंकलं तरी घाबरतो. योग्य वेळ बघून मी सांगेन त्याला, तुम्ही काळजी करू नका.

"मीच सांगतो," ऑपरेटर म्हणाले. "आणि आजच. माझं काम उद्यावर टाकायची सोय राहिली नाही आता."

तिला हसू फुटलं, आणि या वेळी त्या हसण्यात कुठे काही गिळलेलं नव्हतं. तिने चहा ठेवला. गॅस त्यांना बंद करायला लावला. दिवेलागणीला मुलगा आला, हाताला ग्रीस, खांद्यावर अवजारांची पिशवी, आणि दोघांना असे गप्प समोरासमोर बसलेले बघून दारातच थबकला. ऑपरेटर म्हणाले, बस जरा. तो बसला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची वाईट बातमी या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवली होती, मध्ये स्वतः एक अक्षर न बोलता. खोकला यायला लागला, तो त्यांनी येऊ दिला नाही.

"मला विसरायला होतंय," ते म्हणाले. "कधीतरी नव्हे. खरोखरीचं विसरायला होतंय. गॅस राहतो, माणसं बदलतात. दादाचं झालं तसं आहे की दुसरं काही, ते मला ठाऊक नाही. डॉक्टरकडे मला ने."

मुलाचा चेहरा पांढरा पडला. त्याने बापाकडे क्षणभर बघितलं, बघवेना तशी मान वळवली, आणि बायकोकडे बघत हळू आवाजात विचारलं, "कधीपासून चाललंय हे यांचं?"

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "त्यांना विचार. ते इथेच आहेत."